'आधी पूर्ण बरा होऊ दे, मग नोकरी': हे गणित कुठे चुकतं

प्रश्न एका बहिणीचा आहे. धाकटा भाऊ २९ वर्षांचा. सात वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गेली दोन वर्षं गोळ्या नियमित आहेत, रुग्णालयात ठेवावं लागलेलं नाही. या दोन वर्षांत त्याने दोन नोकऱ्या धरल्या. पहिली गोदामात पॅकिंगची, ती तीन आठवड्यांनी न सांगता सोडली. दुसरीतून दीड महिन्यात काढून टाकलं, कारण सांगितलं की 'काम बरं करतो, पण वागणं बरोबर नाही'. वडील म्हणतात, आधी पूर्ण बरा होऊ दे. बहिणीचं मत असं की सामाजिक कौशल्यांचं प्रशिक्षण आधी पुरं करावं आणि मग नोकरी शोधावी. कामाच्या ताणाने आजार उलटेल का, मालकाला आजाराचं सांगावं का आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं, हेही तिने विचारलं आहे.

ताई, आधी थोडक्यात सांगतो. वडिलांचा मार्ग नको आणि तुमचाही नको. नोकरी आत्तापासून शोधायला घ्या. कौशल्यं शिकवायचीच आहेत, पण ती त्या नोकरीसाठी आणि नोकरी चालू असताना.

मी मानसिक आजारांच्या पुनर्वसनात वीसहून जास्त वर्षं काम करतोय आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच विचार करायचो. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. त्यांना मी जवळजवळ दोन वर्षं पाकिटं चिकटवायच्या कार्यशाळेत बसवून ठेवलं, कारण माझ्या तक्त्यात 'नजरेला नजर देतो' या रकान्यात दर महिन्याला फुली पडायची. एक दिवस ते यायचे बंद झाले. चौकशी केल्यावर कळलं की स्वतःच जाऊन विचारून एका छापखान्यात कागद मोजण्याच्या कामाला लागलेत. तिथे दिवसभरात मान वर करायची वेळच येत नव्हती. तो तक्ता मी पुन्हा वापरला नाही.

'आधी तयारी, मग काम' हा क्रम जगभर अनेक दशकं चालला. फक्त आजारी माणसांसाठी चालवलेल्या संरक्षित कार्यशाळा, सरावाची कामं, तयारीचे वर्ग. माणसं त्या तयारीतच म्हातारी व्हायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा करून पाहिला. ज्याला काम करायचंय त्याला आधी खऱ्या बाजारातली खरी नोकरी मिळवून द्यायची आणि आधार नंतर, लागेल तितके दिवस द्यायचा. या पद्धतीला 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' म्हणतात, आम्ही आयपीएस म्हणतो. नियम थोडे पण कडक आहेत. काम करायची इच्छा ही एकच अट. निदान कोणतं, लक्षणं किती, पूर्वी किती वेळा भरती झाला, व्यसन आहे का, यावरून कुणाला नाकारायचं नाही. पहिल्या भेटीपासून साधारण महिन्याभरात कुठल्या तरी मालकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे. नोकरी त्याच्या आवडीची हवी. रोजगाराचं काम पाहणारा माणूस आणि उपचार करणारे डॉक्टर एका टेबलावर बसून बोलले पाहिजेत. आणि एका सहाय्यकाकडे वीसपेक्षा जास्त माणसं सोपवायची नाहीत, कारण तो कचेरीत बसून काहीच साधत नाही, त्याला रस्त्यावर फिरावं लागतं.

वडिलांना काळजी आहे ती आजार उलटण्याची, तर त्यांना हे वाचून दाखवा. युरोपातल्या सहा केंद्रांत गंभीर मानसिक आजाराच्या ३१२ जणांवर झालेली एक चाचणी २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या लोकांना आयपीएस मिळालं, उरलेल्यांना त्या त्या ठिकाणची 'आधी प्रशिक्षण' देणारी नेहमीची सेवा. दीड वर्षात पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी खुल्या बाजारात नोकरी केली, दुसऱ्या गटात २८ टक्के. मधेच सेवा सोडून जाणारे पहिल्या गटात १३ टक्के, दुसऱ्यात ४५. आणि रुग्णालयात परत भरती व्हावं लागलं ते पहिल्या गटात २० टक्क्यांना, दुसऱ्यात ३१ टक्क्यांना. नोकरी हेच औषध, असा याचा अर्थ मी काढणार नाही. पण 'कामाला लावलं की परत रुग्णालय' ही भीती या आकड्यांत कुठेही दिसत नाही. ५५ टक्के म्हणजे शंभरातले पंचेचाळीस राहिलेच, हेही मी लपवत नाही.

आणि 'पूर्ण बरा' म्हणजे काय, हे वडिलांनी ठरवलंय का? इतर कुणाला ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असताना नोकरी करणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज पूर्ण थांबलेत, पण घराबाहेर पाऊल पडत नाही असेही पाहिले आहेत. या आजारात माणूस कामावर किती तगेल ते आवाज आणि संशय यांच्यापेक्षा लक्ष, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांवर जास्त ठरतं. शिवाय पूर्वी काही काम केलेलं असणं ही मोठी जमेची बाजू. तुमच्या भावाने दोन नोकऱ्या गमावल्या असं तुम्ही लिहिलंत. मी वाचताना 'दोन नोकऱ्या मिळवल्या' असं वाचलं.

आता 'वागणं बरोबर नाही' याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

आमच्याकडच्या सुटलेल्या नोकऱ्यांचा हिशोब मांडला तर हात चालत नाहीत म्हणून गेलेल्या फार थोड्या. जास्त जातात त्या माणसामाणसांमधल्या अगदी लहान प्रसंगांवरून. सुपरवायझर एका दमात तीन गोष्टी सांगतो: ते खोके तिकडे ठेव, आधी यादी तपास आणि झालं की मला सांग. तुमचा भाऊ मान हलवतो. पहिली गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत तिसरी बोलून झालेली असते. तो खोके ठेवतो आणि उभा राहतो. सुपरवायझरला वाटतं, हा मुद्दाम ऐकत नाही. तो आवाज चढवतो. भावाचा चेहरा कोराच राहतो, कारण या आजारात चेहऱ्यावरच्या हालचाली मंदावतात आणि काही औषधांनी त्या आणखी मंदावतात. आत तो हादरलेला असतो, बाहेर काही दिसत नाही. सुपरवायझरच्या डोक्यात नोंद होते की 'याला काही पडलेलंच नाही'. असं चार-पाच वेळा घडलं की 'वागणं बरोबर नाही'. दुसऱ्या नोकरीत नेमकं हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण जमलं तर त्या माणसाला एकदा फोन करून विचारा की वागणं म्हणजे नेमकं काय. तक्रार म्हणून विचारू नका, शिकायचंय म्हणून विचारा. अशा वेळी मिळालेलं एक वाक्य आम्हाला महिनाभराच्या निरीक्षणापेक्षा जास्त सांगून जातं.

सामाजिक कौशल्य प्रशिक्षण या नावामुळे लोकांची गल्लत होते. त्यांना वाटतं हा व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग असणार: ताठ बसा, हसून बोला, आत्मविश्वास ठेवा. तसलं काही नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट लिबरमन यांनी ही पद्धत बांधली तेव्हा त्यांनी संवादाचे तीन तुकडे केले. समोरचा काय म्हणतोय, त्याचा चेहरा काय सांगतोय हे नीट टिपणं हा पहिला. त्यावर काय काय करता येईल याचा विचार करून एक निवडणं हा दुसरा. आणि ते योग्य शब्दांत, योग्य आवाजात बोलणं हा तिसरा. आपण बहुतेक जण फक्त तिसऱ्याचा सराव घेतो. 'जोरात बोल, नजर वर कर.' पण गाडी अडलेली असते पहिल्या तुकड्यावर. रागावलेला चेहरा आणि थकलेला चेहरा यांतला फरक त्याला कळलेला नसतो. नुसत्या थकलेल्या सुपरवायझरला रागावलेला समजून तो दिवसभर घाबरून असतो.

प्रत्यक्ष सराव कसा घ्यायचा ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गावात आयपीएस चालवणारं कुणी नसेल तरी हे करता येतं. एका वेळी एकच प्रसंग घ्यायचा. वर सांगितलेला घ्या, 'सुपरवायझर भराभर सूचना देतो'. आधी हे कशासाठी करतोय ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं. मग पायऱ्या, तीन किंवा चार, जास्त नकोत. त्याच्याकडे बघ. 'एक मिनिट, लिहून घेतो' असं म्हण. ऐकलेलं परत बोलून दाखव: 'आधी यादी, मग खोके, मग तुम्हाला सांगायचं, बरोबर?' आणि कामाला लाग. आधी तुम्ही करून दाखवा, सुपरवायझर त्याला होऊ द्या. तो भाग आमच्याकडे येणाऱ्यांना आवडतो, काय खवळून बोलतात! मग भूमिका बदला. एक मिनिटाच्या वर प्रसंग जाऊ द्यायचा नाही. झालं की लगेच, जे बरं जमलं तेवढंच सांगायचं, आणि नेमकं. 'छान केलंस' हे काही सांगणं नव्हे. 'लिहून घेतो म्हणालास तेव्हा आवाज स्पष्ट होता' हे सांगणं. मग सुधारणा एकच. मग लगेच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. उद्या कामावर हे वाक्य एकदा वापरून यायचं, एवढाच गृहपाठ. परवा त्याचं काय झालं ते विचारायचं, आणि वापरलं नाही म्हणाला तर रागवायचं नाही, तोच प्रसंग परत उभा करायचा.

हे सगळं वाचायला बालिश वाटतं हे मला ठाऊक आहे. नवीन कार्यकर्ते पहिल्या आठवड्यात नाकं मुरडतात. पण विचार मंदावलेल्या माणसाला ऐन वेळी वाक्य जुळवता येत नाही, ते तोंडात तयार असावं लागतं. नटाला जशी तालीम, तसंच हे.

आणि इथेच 'आधी कोर्स, मग नोकरी' याचा खरा अडसर आहे. २००८ साली मॅथ्यू कुर्ट्झ आणि किम म्यूझर यांनी स्किझोफ्रेनियातल्या सामाजिक कौशल्य प्रशिक्षणाच्या २२ चाचण्यांचा, एकूण १,५२१ जणांचा, एकत्रित हिशोब मांडला. शिकवलेलं लोक शिकतात का, तर हो, भरपूर शिकतात. रोजच्या जगण्यात फरक पडतो का, तर पडतो, पण मध्यम. लक्षणं कमी होतात का, आजार उलटण्याचं टळतं का, तर थोडंसं. म्हणजे शिकवलेल्या गोष्टीपासून जितकं लांब जाल तितका परिणाम विरत जातो. वर्गात 'अनोळखी माणसाशी संवाद' शिकलेला मुलगा गोदामातल्या त्या विशिष्ट मुकादमापुढे गप्पच उभा राहतो, कारण त्याच्या लेखी ते दोन्ही वेगळे धडे असतात. म्हणून मुकादम कोण हे आधी कळू द्या, तो कसा बोलतो ते कळू द्या, मग त्याचीच नक्कल करून सराव घ्या.

दोन्ही एकत्र केलं तर काय होतं, याचं उत्तर हाँगकाँगच्या एका चाचणीत सापडतं. तिथे आयपीएसच्या जोडीला कामाच्या जागेसाठी बेतलेलं सामाजिक कौशल्य प्रशिक्षण दिलं. त्या गटातल्या सुमारे ७९ टक्के लोकांना नोकरी लागली, नुसत्या आयपीएसच्या गटात सुमारे ५४ टक्क्यांना आणि जुन्या पद्धतीच्या प्रशिक्षणात सुमारे ७ टक्क्यांना. नोकरी टिकलीही जास्त दिवस. एका चाचणीवर इमारत बांधू नये, पण माझा अनुभव याच बाजूचा आहे. तेव्हा प्रशिक्षणाबद्दल तुमचा आग्रह चुकीचा नाही, फक्त त्याची जागा चुकली.

कोणते प्रसंग घ्यावेत? कामाचे प्रसंग लोकांना सुचतात. सुचत नाही ती मधली सुट्टी. कामाच्या वेळेत नियम असतात, हात गुंतलेले असतात. सुट्टीत मात्र कुणाशी, कशावर, किती बोलायचं हे काहीच ठरलेलं नसतं. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी जणांची नोकरी त्या अर्ध्या तासाने गिळली. यातून एक उलटी गोष्ट मी शिकलो. 'हा बोलत नाही, याला एकट्याचं काम द्या' हे दर वेळी खरं नसतं. ज्या कामात बोलणं ठरीव आहे, तीच चार वाक्यं दिवसभर म्हणायची आहेत, उदाहरणार्थ पावती देणं, नाव विचारून नोंद करणं, ते अशा माणसाला शांतपणे जमून जातं. याउलट पॅकिंगच्या टेबलावर सहा जण गप्पा मारत काम करतात, वरवर ते बिनबोलण्याचं काम, पण त्या गप्पांत न मिसळणारा आठवड्याभरात 'शिष्ट' ठरतो. पहिल्या नोकरीत असं काही झालं का ते त्याला विचारा.

सुट्टीत बोललंच पाहिजे असंही नाही. वेगळं बसायचं असेल तर तसं सांगून बसावं: 'मी जरा बाहेर बसतो, मला शांत बसलं की बरं वाटतं.' हे वाक्य एकदा म्हटलं की लोक विषय सोडून देतात. न सांगता उठून गेलं तर चर्चा होते. आणि एक प्रश्न तर येणारच: 'इतकी वर्षं काय करत होतास?' याचं उत्तर आधीच ठरवून, तोंडपाठ करून ठेवावं. 'तब्येतीची अडचण होती, आता ठीक आहे, म्हणून कामाला लागलोय.' खोटं काही नाही, जास्तीचंही काही नाही. पुढे कुणी खोदलं तर तेच वाक्य परत.

नजरेचं म्हणाल तर डोळ्यांत बघण्याचा अट्टहास सोडा. भुवयांच्या मध्ये बघितलं तरी समोरच्याला फरक कळत नाही.

आवाज ऐकू येत असतील आणि त्यांना उत्तर द्यायची ऊर्मी आवरत नसेल तर मोबाइल कानाला लावून बाजूला जाऊन बोलावं. फोनवर बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. ही युक्ती मला एका शुभार्थीनेच शिकवली. (आमच्या क्षेत्रात आजार असलेल्याला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द आवडतात, 'रुग्ण' म्हटलं की माणूस आडवाच दिसतो.) 'ते माझ्यावरच हसतायत' असं तो म्हणाला तर 'छे, तुझा भ्रम आहे' म्हणू नका आणि 'हो, असतील' असंही नको. हसण्याची आणखी कोणती दोन कारणं असू शकतील, ते दोघं मिळून शोधा. कामावर विश्वासाचा एखादा माणूस असेल तर त्याला विचारून खात्री करता येते. नसेल तर नुसतं शोधण्यानेही धार कमी होते.

पहिली नोकरी न सांगता सोडली, तिथे बहुधा काय झालं असेल त्याचा अंदाज सांगतो, कारण ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरली नाही, एक दिवस उशीर झाला. आता तोंड कसं दाखवायचं म्हणून त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी कालच्या खाड्याची लाज. तिसऱ्या दिवशी फोन वाजला, उचलला नाही. चौथ्या दिवसापर्यंत त्याच्या मते नोकरी सुटलेलीच असते. इथे आळस शोधू नका. एक फोन करता आला नाही, एवढंच. तेव्हा 'आज उशीर होतोय' हा फोन सगळ्यांत आधी घोकून घ्या. खराखुरा फोन हातात घेऊन, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसून. बोलणं जड जात असेल तर संदेश टाकलेला चालेल का, हे कामाला लागतानाच मालकाला विचारून ठेवावं.

गुंगीसाठी गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही. पण डॉक्टरांना 'तो आठ वाजता कामावर हजर असायला हवा' हे सांगायचं. बहुतेक घरं डॉक्टरांना फक्त झोप आणि भूक सांगतात, कामाची वेळ सांगतच नाहीत. गोळीची वेळ संध्याकाळी अलीकडे आणणं, मात्रा वेगळी विभागणं, कधी औषधच बदलणं, असे उपाय त्यांच्या हातात असतात. 'एका जागी टिकत नाही, सारखा फेऱ्या मारतो' ही तक्रार आली तर तीही सांगा. काही औषधांनी पाय स्थिर राहत नाहीत, त्याला बेफिकिरी समजलं जातं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध चालू असेल तर सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला आणि पुढे ठराविक अंतराने रक्त तपासावं लागतं, त्या रजांचं आधीच ठरवावं. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी बायपोलर (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात उतरतं असा) आजार असेल तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रात्रपाळी आणि फिरती पाळी शक्यतो टाळा, झोप मोडली की उन्मादाचा चढ सुरू होऊ शकतो. आणि लिथियम हे त्या आजाराचं औषध घेणाऱ्याने भट्टीजवळची, घामाघूम करणारी कामं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं.

मालकाला सांगावं का? हा निर्णय भावाचा, तुमचा नाही आणि माझाही नाही. त्याच्या नकळत मालकाला फोन करून 'जरा सांभाळून घ्या' असं कळवणारे भाऊबंद मी पाहिलेत. हेतू चांगला, पण त्या दिवसापासून तो माणूस तिथे कामगार राहत नाही, कुणाचा तरी आजारी भाऊ होतो. सांगणं आणि लपवणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. आजाराचं नाव न घेता गरज तेवढी सांगता येते: 'मला एका वेळी एकच सूचना दिलीत तर काम चोख होतं.' 'सकाळी अर्धा तास उशिरा आलो आणि संध्याकाळी भरून काढला तर चालेल का?' असे फेरफार मागणं हा उपकार नव्हे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात दीर्घकालीन मानसिक आजाराने येणारं अपंगत्वही धरलेलं आहे आणि त्याचं २७ वं कलम कामाच्या जागी वाजवी सोयी द्यायला सांगतं. अर्थात कायद्याचा आधार मागायचा तर आजार उघड करावा लागतो, आणि कायद्याने मिळालेली जागा सहकाऱ्यांच्या मनातली जागा नसते. बरेचदा आम्ही दोन रकाने पाडतो, सांगितलं तर काय मिळेल, काय जाईल. कुणाला, केव्हा, किती शब्दांत, हे तोच लिहितो. एका माणसाने दोन महिने काम करून, स्वतःची पत जमवून मग सांगितलं. त्याला ते फळलं. दुसऱ्याने कधीच सांगितलं नाही आणि अजून तिथेच आहे.

नोकरी शोधताना नुसते अर्ज टाकत बसू नका. आमचे सहाय्यक एका मालकाकडे तीनदा जातात. पहिल्यांदा फक्त ओळख करून घ्यायला आणि पुढची वेळ मागायला. दुसऱ्यांदा त्याचं काम समजून घ्यायला: कोणती कामं अडतात, कसा माणूस टिकतो. माणसाचं नाव तिसऱ्या भेटीत निघतं, तेही जुळत असेल तरच. तुमच्याकडे सहाय्यक नसेल तर हे काम घरातल्या माणसापेक्षा ओळखीतल्या एखाद्या चार पावसाळे पाहिलेल्या माणसाने करावं. सुरुवात अर्ध्या वेळेची असली तरी चालेल. ज्या देशात पेन्शन किंवा भत्ता मिळतो तिथे पगार सुरू झाला की त्याचं काय होणार, हे पहिल्या पगाराच्या आधी विचारून घ्या. नंतर कळलं की लोक नोकरी सोडतात.

थांबावं असं मी केव्हा म्हणतो? जीव द्यायचे विचार जोरात असताना, किंवा उन्मादाच्या चढात माणूस एकदम चार धंदे उघडायला निघालेला असताना. तेही काही आठवड्यांसाठी, वर्षांसाठी नाही.

आता घरच्यांचं. १९७० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्यानंतर ख्रिस्तीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी दाखवलं की ज्या घरात टीका, चीड किंवा अतिकाळजी जास्त, तिथे स्किझोफ्रेनिया जास्त वेळा उलटतो, आणि अशा घरात समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांच्या वर गेला की धोका आणखी वाढतो. याचा दोष घरच्यांना देऊ नये, दमलेल्या माणसाची चिडचिड होतेच. पण याची दुसरी बाजू बघा. भाऊ रोज चार-पाच तास कामावर गेला तर वडील आणि तो एकमेकांपासून तेवढे तास सुटतात. वडिलांना ताणाची भीती वाटते ती नोकरीच्या. घरातल्या ताणाचा हिशोब कुणी करत नाही.

सकाळी उठवायचं तर एकदा हाक मारा आणि गजर त्याच्याच हाताने लावू द्या. संध्याकाळी दारातच 'आज काय झालं?' विचारू नका, तासभर जाऊ द्या. पगार त्याच्या हातात राहू द्या. पहिल्या महिन्यात तो उधळेल, उधळू द्या. ही नोकरीही सुटू शकते. सुटली तर शोकसभा भरवू नका. किती आठवडे टिकली, कशाने सुटली, पुढच्या वेळी कोणता प्रसंग आधी घोटायचा, एवढं लिहून ठेवा. तीन आठवडे, मग दीड महिना. हा आलेख कुठल्या दिशेला चाललाय ते तुम्हीच बघा.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही. वडिलांना काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं, आधीच्या मालकाने काय म्हटलं, सगळं आहे. भावाला कोणतं काम करायचंय, ते कुठेच नाही. विचारलं असेल तर उत्तर 'काहीही चालेल' असं आलं असेल, आणि तुम्ही तिथेच थांबला असाल. परत विचारा, पण समोर बसवून नको. दोघं शेजारी शेजारी चालत असाल तेव्हा विचारा. 'कोणती नोकरी?' असं नको, ते फार मोठं आहे. त्या दोन नोकऱ्यांतला कोणता अर्धा तास बरा गेला होता, हे विचारा. आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. पाचावर तुम्हाला राहवणार नाही, काहीतरी सुचवावंसं वाटेल. सुचवू नका. त्याचं उत्तर बहुधा आठ-नऊच्या आसपास येतं.